चार बोटं उंच

कडाव, १८ जानेवारी १९४७

येसाजीदादांना सहदेवचा रामराम.

इंदूने पाठवलेला तिळगूळ मिळाला असेल. आनंदीताईंना सांगा की त्यातले कडक लाडू माझ्या हातचे नाहीत, त्यांच्या धाकट्या बहिणीच्या हातचे आहेत.

पत्राचं कारण म्हणजे मी गाडी उंच केली. कल्याणच्या लिलावात आपण दोघा साडूंनी जोडीने घेतलेल्या त्या दोन सारख्या लष्करी गाड्या, त्यातली माझी आता तुमच्या गाडीच्या शेजारी उभी केली तर ओळखू येणार नाही. नदीपलीकडचं गवत आणायचं म्हणजे दर फेरीला गाडीचं बूड गोट्यांवर घासायचं. आमच्या धाऊ सुताराने ऐनाच्या लाकडाचे ठोकळे काढून दिले, ते मागचापुढचा आस आणि वरचे स्प्रिंगचे पाटे यांच्यामध्ये बसवले. चांगली चार बोटं उंची वाढली. आता नदीत उतरते ती म्हैस डोहात उतरावी तशी निवांत.

एकच तक्रार आहे. मोकळ्या सडकेवर वेग दिला की बुडाखाली घूं घूं आवाज होतो आणि बसायची फळी थरथरते. धाऊ म्हणतो, "नवं लाकूड हाय, बसंल हळूहळू." तसं त्याने काम चोख केलंय. पुढच्या गिअरबॉक्सपासून मागच्या आसावरच्या लोखंडी गोळ्यापर्यंत जो शाफ्ट फिरतो, त्याला त्याने दोरी लावली. ठोकळ्यांखाली पाचरी मारून गोळ्याचं तोंड वर उचललं, ते थेट गिअरबॉक्सकडे बघेल असं केलं. बैलगाडीची दांडी तो अशीच दोरीवर आणतो. तरी आवाज का येतो? तुम्ही लढाईत लष्कराच्या वर्कशॉपात होता, म्हणून विचारतो.

सासूबाई परवा बसल्या होत्या गाडीत. म्हणाल्या, "राजावानी वाटतंय, जावयबापू." आपल्या धाकट्या मेहुणीचं, मोतीचं लग्न वैशाखात धरायचं चाललंय, हे कळलंच असेल.

आपला,
सहदेव


कुंभिवली, २७ जानेवारी १९४७

सहदेवा,

तुझं पत्र वाचून आनंद झाला असं लिहिलं तर ते खोटं होईल. मी जळलो. लिलावाच्या दिवशी थोरला म्हणून पहिली निवड मी केली. जिला गंज कमी ती मी घेतली, आणि चांगलं इंजिन निघालं ते तुझ्या गाडीत. ते अजून माझ्या पोटात आहे. आता ती उंचही झाली. आनंदीने पत्र वाचल्यापासून दोनदा विचारलं, "आपली कधी उचलायची?" तेव्हा मी जे खाली लिहितोय ते जळून लिहितोय असं तुला वाटेल. वाटू दे, पण नीट वाच.

धाऊने घोळ घातलाय. बैलगाडीची दांडी काही स्वतःभोवती फिरत नाही. शाफ्ट फिरतो. त्याच्या दोन टोकांना दोन सांधे आहेत, एक गिअरबॉक्सपाशी, एक गोळ्यापाशी. सांधा वाकून फिरला की दर फेऱ्यात तो हिसका देतो. दोन्ही सांधे सारखे वाकलेले असले तर पुढचा हिसका देतो आणि मागचा तो गिळतो, गाडीला कळतही नाही. तुमच्या धाऊने मागचा सांधा सरळ करून टाकला. आता पुढच्याचे हिसके गिळायला कोणी उरलं नाही, म्हणून फळी थरथरते. लाकूड बसेल तेव्हा बसेल, त्याच्या आधी सांधा तुटेल.

गोळ्याचं तोंड गिअरबॉक्सकडे बघता कामा नये. गिअरबॉक्सचा जो कल आहे, गोळ्याचाही तोच ठेव. एक रेघ नको, दोन समांतर रेघा हव्यात. तेव्हा पाचरी काढून टाक. आणि चार बोटांच्या वर जाऊ नकोस, कारण उंची वाढली की दोन्ही सांधे जास्त वाकतात.

मोतीची पाठवणी थोरल्या जावयाच्या गाडीतून होते, हे तुला सांगायला नको. इंदूची झाली तेव्हा बैलगाडी होती, पण हाकायला मीच होतो.

तुझा,
येसाजी


कडाव, १६ फेब्रुवारी १९४७

येसाजीदादा,

पत्र मिळालं. धाऊला वाचून दाखवलं. तो पोट धरून हसला. म्हणाला, "सरळ हाय त्ये चूक आन् वाकडं हाय त्ये बरोबर? मंग आमी सुतारांनी जावं कुटं?" मलाही हसू आलं, रागावू नका. वर्कशॉपातल्या गोऱ्यांनी तुम्हाला काय शिकवलं ते त्यांच्या रस्त्यांवर खरं असेल.

आवाज गेला. एक बोल्ट सैल होता, तो आवळला. पाचरी तेवढ्या बदलल्या, पहिल्यांचं लाकूड ओलं होतं. बाकी दोरी धरलेली आहे तशीच आहे, आणि गाडी अशी चालते की मागे गवतावर झोपलेला माणूस जागा होत नाही.

पाठवणीचं म्हणाल तर मी काही बोललो नाही. पण सासूबाईच इंदूला म्हणत होत्या की मोतीचं सासर नदीपलीकडे, पात्रात गोटेच गोटे, उंच गाडी असलेली बरी. त्यांच्या मनात आलं, त्याला मी काय करणार?

आपला,
सहदेव


कुंभिवली, २३ मार्च १९४७

सहदेवा,

उत्तराला उशीर झाला. भाताच्या पोत्यांच्या फेऱ्या होत्या, आणि खरं म्हणजे लिहावंसं वाटत नव्हतं.

गेल्या सोमवारी तू खालापूरच्या बाजारातून गेलास. मी कापडाच्या दुकानात होतो. तू मला पाहिलं नाहीस, मी हाक मारली नाही. तुझ्या शेजारी सासूबाई बसल्या होत्या आणि त्यांच्या मांडीवर ताकाचं उघडं भांडं होतं. तू चांगला वेगात होतास. मी दुकानाच्या पायरीवर आलो आणि गाडी वळेपर्यंत त्या भांड्याकडेच बघत राहिलो. एक थेंब हिंदकळला नाही. दुकानदार म्हणाला, "गाडी हाय का पालखी रं ती?" मी म्हटलं, आमच्या साडूची आहे. असं म्हणताना माझा चेहरा कसा झाला असेल ते तूच ठरव.

असो. काम दुसरंच आहे. आमच्या आळीतल्या गजालाही त्याची गाडी उंच करायची आहे. त्याने तुझी पाहिली आणि माझ्या मागे लागला की सहदेवाने नेमकं काय केलं ते विचारा. मी त्याला माझी पद्धत सांगत होतो, तर म्हणाला, जी चालताना दिसतेय तीच मला पाहिजे. तेव्हा धाऊने दोरी कुठून कुठे धरली, पाचरीची जाड बाजू कुणीकडे ठेवली, ते सविस्तर लिही. गजाला घाई आहे.

तुझा,
येसाजी


कडाव, ३१ मार्च १९४७

येसाजीदादा,

तुमच्या हातून "सहदेवाने काय केलं ते विचारा" असं लिहिलेलं पत्र मी दोनदा वाचलं, आणि एकदा इंदूकडून वाचून घेतलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, तुम्ही मला काही विचारण्याची ही पहिलीच वेळ.

गजाभाऊंना सांगा, अगदी सोपं आहे. गिअरबॉक्सच्या तोंडापासून गोळ्याच्या तोंडापर्यंत दोरी ताणायची. पाचरीची जाड बाजू अशी ठेवायची की गोळ्याचं तोंड वर उचललं जाईल आणि दोरीच्या रेघेत येईल. बोल्ट आवळायचे. झालं. धाऊने हेच केलं.

गजाभाऊ काही लांबच्या फेऱ्या मारत नाहीत, आठवडी बाजारापुरती त्यांची गाडी. तरी त्यांना सांगा, फार उंच करू नका आणि वेग देऊ नका.

लग्नाची तारीख अकरा मे धरली आहे. सासूबाईंनी पाठवणीचं अजून कोणालाच काही सांगितलेलं नाही.

आपला,
सहदेव


कुंभिवली, २८ एप्रिल १९४७

सहदेवा,

सासूबाईंनी आता सांगितलंय. परवा मी त्यांच्या दारात गाडी नेऊन उभी केली. त्या बाहेर आल्या, वर बघितलं आणि म्हणाल्या, "अगं बया, ही तर सहदेवाच्या गाडीपरीस उंच हाय!" मी म्हटलं, मोती हिच्यातून जाणार. त्या म्हणाल्या, थोरल्याचा मान थोरल्याला, आता तर नदीचीही अडचण नाय.

गजाचं नाव मी उगाच घेतलं होतं. गाडी माझी होती. तुझ्या नाकावर टिच्चून सांगतो, चार बोटं नाही, वीतभर उचलली. ठोकळे शिसवाचे, बोल्ट नवे, आणि दोरी तू लिहिलंस तशीच धरली. थोडी गुणगुणते, पण नवं लाकूड आहे, बसेल.

तू रुखवताची भांडी तुझ्या गाडीत घे आणि मागून ये. मुलीच्या मागे भांडी लागतातच.

तुझा,
येसाजी


कडाव, २ मे १९४७

येसाजीदादा,

तुमचं पत्र आत्ता वाचलं आणि लगेच लिहायला बसलोय.

पाचरी काढा. आजच काढा. वीतभर उंची फार झाली, निम्मी करा. ते होत नसेल तर निदान पाचरी तरी काढा. ती गुणगुण लाकडाची नाही.

आणि एवढ्या दिवसांत जमणार नसेल तर मोतीला माझ्या गाडीत बसू द्या. तुम्ही माझ्या गाडीचं चाक धरा, मी तुमची रिकामी घेऊन मागून येतो. मान तुमचाच राहील. सासूबाईंना काय सांगायचं ते मी सांगेन.

कारण विचारू नका. पोर बसणार आहे गाडीत.

सहदेव


कुंभिवली, १४ मे १९४७

सहदेवा,

लग्नात आपण एकमेकांशी बोललो नाही, आणि परवा पाठवणीच्या वेळी नदीतही नाही. म्हणून लिहितोय.

तुझं दोन तारखेचं पत्र मला वेळेवर मिळालं होतं. मी ते आनंदीला मोठ्याने वाचून दाखवलं आणि म्हटलं, "बघ, आता त्याच्या पोटात दुखायला लागलं." ती हसली नाही. म्हणाली, "काडा की पाचरी. तुमचं काय जातंय?" मी म्हटलं, तुला यातलं कळत नाही. खरं सांगू, त्या दिवशी मला इतकं बरं वाटलं होतं! तुझ्या उंच गाडीवर मी तीन महिने जळलो, आता तुझी पाळी. मोती माझ्या गाडीत बसू नये म्हणून तू असलं काहीतरी लिहिणारच, हे मी धरूनच चाललो होतो.

पुढचं तू मागच्या गाडीतून पाहिलंस, पण माझ्या जागेवरून पाहिलं नाहीस. सडकेवर फळी इतकी थरथरत होती की मोतीच्या मुंडावळ्या हलायला लागल्या. तिने विचारलं, "दाजी, ही अशीच चालते का?" मी म्हटलं, अशीच चालते. पाताळगंगेच्या पात्रात उतरलो, मधल्या गोट्यांवर चढायला जोर दिला आणि खाली तोफ सुटावी तसा आवाज झाला. पुढचा सांधा तुटला. शाफ्टचं टोक खाली पडून वाळूत रुतलं आणि गाडी जागच्या जागी अशी थांबली की मोतीचं कपाळ काचेवर आपटलं. रक्त नाही आलं, टेंगूळ आलं. नव्या नवरीला कपाळावर टेंगूळ घेऊन सासरच्या उंबऱ्यावर जावं लागलं, ते माझ्यामुळे.

सासूबाई तुझ्या गाडीतून उतरून गुडघाभर पाण्यातून आल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, "जावयबापू, पोर उतरवा. धाकल्याच्या गाडीत बसवते." तुझी भांडी माझ्या मेलेल्या गाडीत चढवली आणि माझ्यासमोरून मोतीला घेऊन तू गेलास. दोन्ही काठांवर वऱ्हाड उभं होतं. मी टोपांशेजारी, कळशांशेजारी बसून राहिलो.

आता खरी गोष्ट. संध्याकाळी तू मला ओढायला परत आलास आणि चऱ्हाट टाकून आंब्याखाली जाऊन बसलास. ते बांधायला मी तुझ्या गाडीखाली शिरलो आणि वर बघितलं. तुझ्या गोळ्याचं तोंड दोरीच्या रेघेत नाही. पाचरी नाहीत. पुढचा सांधा जेवढा वाकलाय तेवढाच मागचा वाकलाय. समांतर, अगदी जसं मी जानेवारीत लिहिलं होतं तसं. ठोकळ्याखाली पाचरीची खूण आहे, तिच्यावर महिनोन्महिन्यांचा चिखल वाळलेला.

तू माझं ऐकलं होतंस. ऐकलंस, गाडी नीट केलीस, आणि मला उलटं लिहिलंस. दोनदा.

तुझा राग आलाच आहे. पण त्याहून जास्त राग माझा मला आलाय. मला माहीत होतं काय खरं ते. लष्करात त्या सांध्यांनी माझी बोटं सोलली होती. आणि ते भांडं हिंदकळलं नाही एवढं बघून मी माझं सगळं शिकलेलं टाकून दिलं. तुझं जे आहे तेच मला पाहिजे होतं, चूक असलं तरी.

एवढंच सांग, का केलंस?

येसाजी


कडाव, २० मे १९४७

दादा,

मोतीचं टेंगूळ उतरलं. काल बघून आलो. सासरी तिची चेष्टा होते, पण चांगली होते.

का केलं ते लिहितो. तुमचं जानेवारीचं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी पाचरी काढल्या. घूं घूं तिथल्या तिथे बंद. मला काय आनंद झाला होता! इंदूला शेजारी बसवून सडकेवर नेली. ती म्हणाली, "बघा, दाजींनी सांगितलं म्हनून झालं." मी गाडी थांबवली.

दादा, लग्न झालं त्या दिवसापासून हे ऐकतोय. बैल घ्यायचा तर दाजींना विचारा. विहीर कुठे खणायची, दाजींना विचारा. पोराला शाळेत कधी घालायचं, दाजी येतील तेव्हा बघू. सासूबाईंच्या घरी तुम्ही पाटावर बसल्याशिवाय मला ताट वाढत नाहीत. तुमच्या आधी मी केलेली एकच गोष्ट होती, गाडी उंच केली. तुमचं ऐकून ती नीट झाली असं लिहिलं असतं, तर ती चार बोटंसुद्धा तुमची झाली असती. मी तुमच्यावर तुमच्या आधीपासून जळतोय.

गजाचं नाव आलं तेव्हाही खरं लिहायला हवं होतं. तुमच्यासाठी आहे हे माहीत असतं तर लिहिलं असतं, असं मी इंदूला म्हणालो. ती म्हणाली, "नसतं लिवलं तुमी." मला वाटतं तिचं खरं आहे. शेवटच्या पत्रात तरी सरळ लिहायचं की मी खोटं बोललो होतो, म्हणून पाचरी काढा. तेवढी एक ओळ हातून उतरली नाही. तिच्यासाठी मोतीचं कपाळ फुटू शकलं असतं.

सासूबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी भाकरी थापता थापता ऐकून घेतलं. म्हणाल्या, "दोगं मिळून येक श्याना जावई व्हतो माजा." मग मला वाढलं. तुम्ही नव्हता तरी वाढलं.

कर्जतला एका मोडीच्या दुकानात आपल्या गाडीचा सांधा आहे. तो घेऊन येतो. तुमचा शाफ्ट मी जोडून देणार. नाही म्हणू नका.

सहदेव


कुंभिवली, २७ मे १९४७

सहदेवा,

ये. पाऊस लागायच्या आत ये, नाहीतर गाडी अंगणात रुतेल. सांधा आण, धाऊला आणू नकोस आणि त्याची दोरी तर अजिबात आणू नकोस. गाडीखाली मी झोपेन, तू बोल्टचे पाने हातात दे. आनंदीने तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटीचा बेत ठरवलाय. दोघांना एकदम वाढायचं असं मी तिला सांगून ठेवलंय.

शिसवाचे ठोकळे फोडून चुलीत घातले. चार बोटांचे नवे काढलेत, तुझ्याएवढेच. नदीला चार बोटं पुरत होती, हे मला आधीही माहीत होतं. वरची उंची फक्त तुझ्यासाठी होती.

पत्रात तू मनातलं लिहिलंस, म्हणून मीही लिहितो. तुझ्यावरचा राग गेला. दुसरं जे आहे ते गेलेलं नाही. काल मी अंगणात उभा राहून मनाशी धरून बघितलं की तू आलायस, माझी गाडी चाकं काढून ओंडक्यांवर बसलीय, आणि शेजारी तुझी उभी आहे, उंच, न थरथरणारी. मी फार प्रयत्न केला रं. नाही जमलं.

तेव्हा थोरल्याचं एवढं ऐक. सांधा पोत्यात घाल, खोपोलीपर्यंत आगगाडीने ये आणि पुढे चालत ये. गाडी घेऊन येऊ नकोस.

तुझा,
येसाजी